सामायिक स्पेक्ट्रममधली हॅमची वहिवाट: ती राखायची कशी

हौशी रेडिओचे वारंवारिता-पट्टे राखावेत म्हणून सरकारला लिहिलेलं माझं पहिलं पत्र तीन पानांचं होतं. त्यात १९७९ ला फुटलेलं मोरवी धरण होतं, २००१ चा भुज भूकंप होता, २००४ ची त्सुनामी आणि तेव्हा अंदमानात योगायोगाने पोहोचलेली हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी होती, शेवटी देशसेवेवर एक परिच्छेदही होता. पाठवण्याआधी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे सगळं खरंच आहे रे, पण तुला नेमकं कुठल्या मेगाहर्ट्झमध्ये काय हवंय?" तीन पानांत वारंवारितेचा एकही आकडा नव्हता. मी हट्टाने ते पत्र तसंच पाठवलं. अर्थात उत्तर आलं नाही.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. आपल्याकडे हॅमची संख्या कमी, त्यामुळे मोर्चा काढून काही होत नाही. कागद नीट असेल तर होतं. आणि नीट कागदासाठी वकील लागत नाही, चार-सहा महिने आधी सुरुवात करावी लागते.

आधी सातबारा वाचा

आपल्या देशात कुठला पट्टा कोणाचा हे 'राष्ट्रीय वारंवारिता वाटप आराखडा' सांगतो. हॅम लोक त्याला एनएफएपी म्हणतात. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा तो काढते आणि ठरावीक वर्षांनी बदलते. हा दस्तऐवज म्हणजे स्पेक्ट्रमचा सातबारा. कब्जेदार कोण आणि 'इतर हक्कां'त कोणाचं नाव आहे, दोन्ही त्यात कळतं.

तक्ता उघडला की अक्षरांचा आकार बघा. इंग्रजीत मोठ्या लिपीत छापलेली सेवा प्रायमरी. पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान असतील तर सेकंडरी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झला अमॅच्युअर, म्हणजे आपली हौशी सेवा, मोठ्या अक्षरांत दिसतं. आपण तिथले मालक आहोत. ४३० ते ४४० कडे या. भारत ज्यात येतो त्या तिसऱ्या प्रदेशाच्या रकान्यात रेडिओलोकेशन, म्हणजे रडार, मोठ्या अक्षरांत आणि आपण लहान. त्यातलेही ४३४ ते ४३८ एवढेच भारतात आपल्याला मिळतात. १२६० ते १३०० मध्येही आपण सेकंडरीच.

सेकंडरीचा अर्थ आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत स्वच्छ आहे. प्रायमरी सेवेला त्रास द्यायचा नाही. तिच्याकडून त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. दुसऱ्या सेकंडरी सेवेपासून मात्र मागता येतं. बरेच जण नेमकं हे शेवटचं कलम विसरतात.

मग तळटिपा वाचा. खरा मजकूर तिथेच लपलेला असतो. उदाहरणार्थ ५.२८२ ही टीप. हौशी उपग्रहांना ४३५ ते ४३८ मध्ये परवानगी तिच्यामुळे आहे, पण कोणाला घातक व्यत्यय न आणण्याच्या अटीवर. भारतापुरत्या टिपा 'आयएनडी' या अक्षरांनी सुरू होतात. आपण वापरतो तो प्रत्येक बँड, त्याचा दर्जा, शेजारी आणि टीप क्रमांक असा चार रकान्यांचा एक कागद करून शॅकच्या, म्हणजे रेडिओच्या खोलीच्या, भिंतीला लावा. तासाभराचं काम आहे. पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं.

निर्णय कुठे होतो आणि कधी

तुमच्या पट्ट्यावर एक दिवस अचानक घाला पडतो असं नसतं. वाटप मुळात ठरतं ते जागतिक रेडिओ परिषदेत, जी तीन-चार वर्षांनी भरते. २०२३ ची दुबईला झाली, पुढची २०२७ मध्ये. तिच्या आधी आशिया-पॅसिफिकच्या देशांच्या तयारी बैठका होतात आणि त्याच्याही आधी प्रत्येक देश घरात आपली भूमिका ठरवतो. शब्द बदलून घ्यायला सगळ्यात सोपं असतं ते या घरच्या टप्प्यावर. परिषदेच्या सभागृहात पोहोचेपर्यंत मजकूर दगडासारखा झालेला असतो.

देशात दोन दारं आहेत. डब्ल्यूपीसी आराखडा आणि नियम बघते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, सल्लामसलतीचे कागद काढतं: लिलाव, उपग्रह सेवा, परवानामुक्त पट्टे. ट्रायची रीत अशी, की कागद संकेतस्थळावर येतो, साधारण चार आठवडे अभिप्रायाला आणि दोन आठवडे प्रति-अभिप्रायाला मिळतात, मग खुली चर्चा होते आणि शेवटी सरकारकडे शिफारशी जातात. आलेले अभिप्राय सगळ्यांना वाचायला ठेवतात. नियमांचा मसुदा राजपत्रात आला, तर हरकती-सूचनांची मुदत त्यातच लिहिलेली असते.

एक युक्ती सांगतो, ती फुकट आहे. कागद डाउनलोड केला की त्यात 'अमॅच्युअर' हा शब्द शोधू नका. बहुतेक वेळा तो नसतोच. तुमच्या पट्ट्याचे आकडे शोधा: ४३५, १२६०, ५७२५. गिगाहर्ट्झमध्ये लिहिलेले असतील म्हणून ०.४३ आणि १.२६ सुद्धा. आपला उल्लेखच नसणं ही सगळ्यात वाईट बातमी असू शकते.

३३०० ते ३४०० मेगाहर्ट्झचं उदाहरण घ्या. भारतातल्या हॅमच्या जुन्या यादीत हा पट्टा होता. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ५-जीचा लिलाव झाला, त्यात ३३०० ते ३६७० विक्रीला होते. आपल्याकडे तिथे वापरच नगण्य होता, त्यामुळे फारसं कोणी हुंदका दिला नाही. अमेरिकेत हाच प्रश्न २०२० मध्ये आला. एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, वरचा ३४५० ते ३५०० चा तुकडा काढून घेतला, पण ३३०० ते ३४५० मध्ये पुढचा निर्णय होईपर्यंत सेकंडरी म्हणून राहू दिलं. त्यांच्याकडे त्या पट्ट्यावर चालणारी डेटा-जाळी होती आणि ती कागदावर दाखवता आली.

पीकपाहणी: लॉग आणि मोजमाप

सातबाऱ्यावर नाव असलं तरी जमीन पडीक दिसली की डोळा असतोच कोणाचा तरी. म्हणून वापर नोंदवायचा.

लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, सगळे ठेवतात, पण यूएचएफचा, म्हणजे ४३४ सारख्या वरच्या पट्ट्यांचा, लॉग कोणी ठेवत नाही. "रिपीटरवर गप्पा मारल्या त्याचा काय लॉग?" असं म्हणतात (रिपीटर म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र). ठेवा. तारीख, वेळ, वारंवारिता, मोड (मोर्स, बोलणं वगैरे), पॉवर आणि दोन्हीकडचा मेडनहेड ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचं सांकेतिक नाव. पुणे एमके६८ मध्ये येतं. मुंबईत गंमत आहे, १९ अंश अक्षांशाची रेषा शहरातून जाते, त्यामुळे कुलाबा एमके६८ आणि बोरिवली एमके६९. उपग्रह ऐकलात, पण बोलला नाहीत, तरी ऐकल्याची नोंद करा. एडीआयएफ या हॅम-लॉगच्या ठरलेल्या फाइल स्वरूपात ठेवलेला लॉग वर्षाअखेर दोन मिनिटांत मोजता येतो.

आता मोजमाप. आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा स्वस्त रिसीव्हर, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो, म्हणजे आपले ७० सेंटीमीटरचा (४३४ ते ४३८) आणि २३ सेंटीमीटरचा (१२६० ते १३००) असे दोन्ही बँड त्यात आले. त्याच्यासोबत येणारा 'आरटीएल पॉवर' हा छोटा प्रोग्रॅम पट्टा सलग झाडून काढतो. ४३४ ते ४३८, दहा किलोहर्ट्झचे तुकडे, दर मिनिटाला एक नोंद. तुकडे झाले ४००, आठवड्याचे मिनिट १०,०८०, म्हणजे चाळीस लाखांवर आकडे. त्याचं चित्र काढलं की आठवडाभराचा वॉटरफॉल, म्हणजे कुठल्या वेळी कुठे सिग्नल होता त्याचा आलेख, एका पानावर येतो.

तीन चुका मी केल्या आहेत, तुम्ही करू नका. पहिली, अँटेना काढून तिथे ५० ओहमचं टर्मिनेटर लावून एक तासाची नोंद घ्यायला विसरलो. ती नसेल तर दिसणारा आवाज गल्लीतला की डोंगलच्या पोटातला, हे सांगता येत नाही. दुसरी, स्वस्त डोंगलची घड्याळचूक धरली नाही. ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ५० ची, चूक म्हणजे ४३६ मेगाहर्ट्झवर जवळपास २२ किलोहर्ट्झ. माझ्या आलेखात एक रिपीटर शेजारच्या चॅनलवर बसलेला दिसत होता आणि खुल्या बैठकीत तो कोणीतरी दाखवला असता तर उरलेला कागदही गेला असता. तिसरी चूक सगळ्यात महागाची. मी अभिमानाने तो आलेख जोडला आणि त्यात पट्टा रिकामा दिसत होता.

हे समजून घ्यायला हवं. रस्त्यावर उभं राहून, साध्या चाबूक अँटेनाने घेतलेल्या पाहणीत हौशी पट्टा नेहमी रिकामाच दिसणार. कमी उंचीवरचा उपग्रह डोक्यावरून दहा-बारा मिनिटांत जातो. तो ५०० किलोमीटरवर असताना ४३६ मेगाहर्ट्झला मोकळ्या जागेतली घट साधारण १३९ डेसिबल, क्षितिजाजवळ २००० किलोमीटरवर १५१. अर्ध्या वॉटचा प्रेषक असेल आणि आपल्याकडे १० डेसिबल लाभाची यागी, म्हणजे एका दिशेला रोखलेली अँटेना, तर क्षितिजाजवळ हातात येतात उणे ११४ डीबीएमच्या आसपास (डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटशी तुलना), अगदी क्षीण. तो सिग्नल चाबकाला ऐकूच येत नाही. म्हणून वॉटरफॉल एकटा कधी देऊ नका. त्याच्या शेजारी लॉग ठेवा आणि खाली एक ओळ लिहा, की या सेवेचे सिग्नल क्षीण असतात, त्यामुळे पट्ट्यातली शांतता हीच तिची गरज आहे. नॉइज फ्लोअर, म्हणजे पट्ट्यातला कायमचा गोंगाट, १० डेसिबलने वाढला तर मोकळ्या जागेत ऐकू येण्याचं अंतर जवळपास एक-तृतीयांशावर येतं. हे वाक्य अभियंत्याला लगेच कळतं.

समोरच्याला काय हवंय

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त शिकवलं ते २३ सेंटीमीटरच्या गोष्टीने, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन प्रणालीचा ई-६ सिग्नल १२७८.७५ मेगाहर्ट्झवर मध्य धरून येतो, आपल्या पट्ट्याच्या ऐन मधोमध. दिशादर्शन तिथे प्रायमरी, हॅम सेकंडरी. युरोपात हौशी केंद्रांमुळे गॅलिलिओच्या रिसीव्हरला त्रास झाल्याची मोजकीच प्रकरणं घडली, पण मोजकी प्रकरणं पुरतात. २०१९ च्या परिषदेने अभ्यास करायचं ठरवलं. तेव्हा भीती होती की पट्टाच जाईल.

आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ, म्हणजे आयएआरयू, तिथे "आमचा हक्क" म्हणत बसला नाही. सेकंडरीला तसं म्हणताच येत नाही. त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे कुठले मोड आहेत, किती पॉवर, किती रुंदी, किती वेळ प्रेषण चालतं. अरुंद पट्ट्याचा मोर्स किंवा बोलणं वेगळं, सतत चालणारा रिपीटर वेगळा आणि काही मेगाहर्ट्झ व्यापणारा हौशी टीव्ही वेगळा. त्यातून २०२३ मध्ये एम.२१६४ ही शिफारस आली. पट्ट्याच्या तुकड्यांनुसार पॉवर आणि रुंदीच्या मर्यादा त्यात आहेत, आणि रुंद पट्टा घेणाऱ्या टीव्हीला सगळ्यात जास्त चटका बसला. टीव्हीवाल्यांना दुःख झालं, ते खोटं नाही. पण वाटप राहिलं.

भारतासाठी जोडायची एक गोष्ट: आपली स्वतःची दिशादर्शन प्रणाली नाविक एल-५, एस आणि एल-१ या पट्ट्यांत चालते. तिच्या केंद्रवारंवारिता ११७६.४५, २४९२.०२८ आणि १५७५.४२ मेगाहर्ट्झ. २३ सेंटीमीटरमध्ये नाविक नाही. ही माहिती अभिप्रायात एका ओळीत घाला, पण तिच्यावर विसंबू नका, कारण इतर देशांच्या प्रणालींचे रिसीव्हर भारतातही विकले जातात.

तर, लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: मी काय सोडू शकतो? पॉवर, वेळ, जागा, रुंदी, दिशा. उत्तर आकड्यात हवं. १० वॉट आणि १३ डेसिबल लाभाची यागी म्हणजे साधारण २०० वॉट प्रभावी विकिरण. "उपग्रहासाठी एवढं पुरतं, क्षितिजावरून आकाशाकडे वळवलेल्या अँटेनातून, एका वेळी बारा मिनिटं" असं लिहिलं, तर समोरच्याला गणित करता येतं.

प्रत्यक्ष लिहिताना

इंग्रजीत लिहा, दोन पानांत. हे मराठी लेखात सांगणं विचित्र वाटतं, पण वाचणारा दिल्लीत बसलेला असतो.

पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण: कॉलसाइन, परवान्याची श्रेणी, किती वर्षं. दुसऱ्यात कागदातल्या कुठल्या प्रश्नाला उत्तर देताय, त्याचा क्रमांक. ट्रायच्या कागदात प्रश्न क्रमांकाने असतात आणि क्रमांक नसलेला अभिप्राय कुठल्याच ढिगात जात नाही. तिसऱ्यात मागणी, एका वाक्यात. मग पुरावा, मग सोडण्याची तयारी.

वाईट वाक्य: "हौशी रेडिओ ही राष्ट्राची अमूल्य संपत्ती असून तिचे रक्षण झालेच पाहिजे." यावर कोणी काय टिपण लिहिणार?

बरं वाक्य: "प्रश्न ७ संदर्भात: ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झमधील हौशी उपग्रह सेवेची सध्याची तळटीप कायम ठेवावी, प्रस्तावित सेवेला परवानगी दिल्यास तिचे प्रेषण या तीन मेगाहर्ट्झच्या बाहेर ठेवावे. परिशिष्टात गेल्या बारा महिन्यांचा लॉग जोडला आहे." हे वाक्य टिपणीत जसंच्या तसं उचलता येतं. सरकारी बाबूला उचलता येईल असं वाक्य देणं हीच अर्धी लढाई.

आपत्तीचा मुद्दा घाला, पण शेवटी आणि नेमका. वीज आणि मोबाइल गेल्यावर कुठल्या बँडवर, कुठून कुठे, कोणाचा निरोप गेला. मोघम लिहिलेला हा मुद्दा इतक्यांदा वाचला गेलाय की तो आता डोळ्यावरून घरंगळतो.

एकच मजकूर शंभर जणांनी पाठवू नका. तो एकच धरला जातो. त्यापेक्षा दहा जणांनी आपापला लॉग जोडून दहा वेगळी पत्रं पाठवावीत. आणि त्याआधी एआरएसआयला, म्हणजे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाला, फोन करा. १९४८ पासूनची ही संस्था आयएआरयूची भारतातली सदस्य आहे. ती एक म्हणते आणि आपण दुसरं, असं झालं की दोन्ही कागद बाजूला ठेवायला निमित्त मिळतं.

सोबती शोधा

२०१९ च्या जूनमध्ये फ्रान्सने युरोपीय बैठकीत एक प्रस्ताव मांडला, की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ विमानसेवांसाठी अभ्यासाला घ्यावा. जगभर हॅमचा जीव टांगणीला लागला. ऑगस्टपर्यंत तो पट्टा प्रस्तावातून गेला. ऑनलाइन सह्या खूप झाल्या, पण देशोदेशीच्या संस्था आपापल्या सरकारी अधिकाऱ्यांना जाऊन भेटल्या, माझ्या मते काम त्याने झालं.

अमेरिकेत २०२४ मध्ये ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची नव्याने मांडणी करण्याचा अर्ज आला, तेव्हा हॅमसोबत टोल वसूल करणाऱ्या संस्थाही विरोधात उभ्या राहिल्या, कारण त्यांचे टॅग त्याच पट्ट्यात चालतात. टोलनाक्याचा आवाज आपल्यापेक्षा कितीतरी मोठा.

आपल्याकडे असे सोबती कोण? कॉलेजं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम' उपग्रह २०१६ च्या जूनमध्ये गेला, आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. दोन्ही ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारे. पुढचा उपग्रह बनवणाऱ्या प्राध्यापकाचं एक पानी पत्र तुमच्या दहा पत्रांना भारी आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे खगोलशास्त्रज्ञही शांततेसाठीच भांडतात, त्यांची मोजमापाची शिस्त शिकण्यासारखी आहे. मात्र त्यांच्या एका ग्रहणपट्ट्यात २५० ते ५०० मेगाहर्ट्झ येतात. नारायणगाव-जुन्नर भागात गोंगाट करणारे आपण असतो, हे विसरून मदत मागायला जाऊ नका.

शेजारीही ओळखून ठेवा. अमेरिकेच्या एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीने आपल्या उपग्रहांच्या नियंत्रणासाठी ४३० ते ४४० मधले तुकडे मागितले. २०२५ मध्ये त्यावर एफसीसीकडे हॅमच्या हरकतींचा पाऊस पडला. तिचा एक मोठा उपग्रह त्याच वर्षी २४ डिसेंबरला श्रीहरिकोट्यातून आपल्याच एलव्हीएम-३ ने वर गेला. अर्ज वॉशिंग्टनला, उड्डाण आंध्रात, आणि उपग्रह फिरणार ते जुन्नरवरूनही.

पाठवल्यानंतर

खुली चर्चा असेल तर जा, किंवा ऑनलाइन बसा. बोलायला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. लेखी दिलंय तेच वाचू नका. आदल्या आठवड्यात इतरांचे अभिप्राय वाचा आणि त्यातल्या एका चुकीच्या आकड्याला उत्तर द्या.

मधल्या काळात घर झाडून ठेवा. रिपीटरचा कोऑर्डिनेशनचा कागद, पॉवर, अँटेनाची उंची हाताशी असू द्या. प्रायमरी वापरकर्त्याची तक्रार आली तर त्याच दिवशी प्रेषण बंद करा, वेळ लिहून ठेवा आणि लेखी उत्तर द्या. "तक्रार १०:४० ला मिळाली, १०:५५ ला रिपीटर बंद केला" अशी एक नोंद पुढच्या अभिप्रायाला जोडायला सोन्याची.

तीन महिने झाले आणि काहीच कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या खात्यासाठी दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. "माझ्या पत्राचं काय झालं" असं विचारू नका. विचारा: अमुक तारखेच्या अभिप्रायावरच्या टिपणीची प्रत द्या. मला अशीच एक प्रत मिळाली. त्यात माझ्या दुसऱ्या पत्रातलं एक वाक्य होतं, अवतरणचिन्हांशिवाय, आणि समासात पेन्सिलने एवढंच लिहिलेलं: 'मर्यादा तपासा'.